फक्त ॲडमिन लिहू शकतात

दत्ता, तुला जाऊन आज बारा दिवस झाले आणि आपल्या ग्रुपवर अजून कोणी तुला श्रद्धांजली वाहिलेली नाही. गैरसमज करून घेऊ नकोस. लोक तयारीत आहेत. जोडलेले हात, पणत्या, ढगांतून वर जाणारा पांढरा रस्ता, सगळा माल प्रत्येकाच्या फोनमध्ये भरून ठेवलेला आहे. पण 'प्रेस शॉप परिवार' या ब्याऐंशी जणांच्या ग्रुपवर गेले अकरा महिने दोघांनाच लिहिता येत होतं. तू ॲडमिन आणि मी ॲडमिन. त्यातला तू गेलास.

रोज फोन येतात. 'मास्तर, खोला की ग्रुप.' 'राव, माणूस गेला आणि ग्रुपवर दोन शब्द नाहीत, बरं दिसत नाही.' बरं दिसत नाही, हे त्यातलं मुख्य दुःख. एकाने तर माझ्या सोयीसाठी मजकूरच तयार करून पाठवला: 'कामगार चळवळीचा आधारवड कोसळला.' तू कुठल्या चळवळीत होतास रे? गेट मीटिंगला सगळ्यांच्या मागे उभा राहून शेंगा खायचास, आणि टरफलं खिशात ठेवायचास.

मी सगळ्यांना 'बघतो' म्हणतो. बटण कुठे आहे ते मला माहीत आहे. दाबायला दोन सेकंद लागतील. बारा दिवस झाले, ते मी दाबलेलं नाही, आणि का दाबलं नाही हे ज्याला सांगावं असा माणूस तूच होतास.

आपण दोघं बोलायला शिकलो ते प्रेस शॉपमध्ये, म्हणजे तोंड न उघडता. मोठी प्रेस पत्र्यावर आदळते तेव्हा शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त श्वास लागतो. सगळा कारभार हातांवर. गळ्याशी टाय सारखा केल्यासारखं केलं की साहेब निघालेत. अंगठा ओठाशी नेला की चहा. तळहात पोटावरून फिरवला की डबा कसला आणलायस. तू लातूरकडचा, मी साताऱ्याकडचा. तुझं 'काय करलालास' माझ्या कानाला रुळायला वर्ष गेलं, हातांचं बोलणं आठवड्यात जमलं. त्या भाषेत फारसं काही सांगता यायचं नाही, हे खरं. पण त्या भाषेत टोमणाही मारता यायचा नाही. ही तिची मोठी सोय होती, हे मला फार उशिरा कळलं. मी डब्याच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसायचो म्हणून शॉपने माझं नाव मास्तर ठेवलं होतं. पुस्तकं वाचणाऱ्याला टोमण्यांचा पुरवठा कधी कमी पडत नाही.

रिटायर झाल्यावरही आपण गुरुवारीच भेटायचो. बाकीच्या जगाला सुट्टी रविवारी, आपल्या कारखान्यांच्या पट्ट्याला गुरुवारी. कंपनी सुटली तरी अंगातला गुरुवार सुटला नाही. मी सांगवीहून पुलावरून चालत दापोडीला यायचो, तू गल्लीतून. मग तुझा पुनावळ्याचा फ्लॅट झाला, अकराव्या मजल्यावरचा. दापोडीहून तिकडे जाताना म्हणालास, 'यिऊ की, काय लांब हाय?' लांब होतं. दोन बस बदलाव्या लागायच्या आणि दोघांच्याही गुडघ्यांचा त्याला विरोध होता.

राहिला फोन. फोनवर आपले कान उघडे पडले. तीस वर्षं प्रेसने जे घेतलं होतं त्याचा हिशोब तिथे लागला. 'काय?' 'काय काय?' 'मी म्हणलो, औषध घेतलंस का?' 'कोण गेलं?' अश्विनी तुला विचारायची, 'बाबा, भांडताय का कुणाशी?' आपण भांडत नव्हतो, तब्येत विचारत होतो. शेवटी लेकीनेच तुला लिहायला शिकवलं आणि आपण ग्रुपवर आलो. तिथे ओरडावं लागत नव्हतं. आणि तिथेच, आवाज जराही न चढवता, आपण भांडलो.

विषय शालीचा होता. जुन्या लोकांचं स्नेहसंमेलन ठरत होतं आणि तू लिहिलंस की आपल्या जुन्या वर्क्स मॅनेजर साहेबांना बोलावू, सत्कार करू. शाल, श्रीफळ, मानपत्र. या तीन वस्तूंबद्दल माझं मत तुला माहीत होतं. माणसाकडे बोलण्यासारखं काही उरलं नाही की त्याच्या अंगावर शाल टाकतात, असं मी नेहमी म्हणायचो आणि तू नेहमी हसायचास. पण इथे प्रश्न शालीचा नव्हता. साहेब तेच होते, ज्यांच्या काळात गुलाबचा हात गेला.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याची खात्री. महिनाअखेरीला माल काढायची घाई असली की एक बटण लाकडाचा तुकडा ठोकून कायमचं दाबून ठेवायचे आणि एका हाताने काम करायचे. सगळे करायचे. वरून तोंडी हुकूमच असायचा, कागदावर कधीच नाही. गुलाबच्या उजव्या हाताची चार बोटं गेली तेव्हा अहवालात लिहिलं गेलं की कामगाराने स्वतःच्या मर्जीने बटण अडकवलं होतं. चाकणजवळच्या गावातून सायकलने येणारा बावीस वर्षांचा गुलाब पुढे जन्मभर स्टोअरला बसला.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, 'कोणाचा सत्कार? गुलाबच्या हाताचं काय?' तू लिहिलंस, 'सत्कार करायचा. कारण विचारू नको.' तीन आठवडे हेच चाललं. मी परिच्छेद लिहायचो. त्यात न्याय असायचा, इतिहास असायचा, क्वचित एखादं अवतरण असायचं. तू एक ओळ लिहायचास. तुझ्याकडे मुद्दा नाही म्हणून ओळ एकच येते, असं माझं अनुमान होतं. लोक माझ्या परिच्छेदांना अंगठे द्यायचे. अर्धे तर न वाचताच, कारण मी पाठवल्यानंतर चार सेकंदांत अंगठा यायचा. गुलाबही ग्रुपवर होता. तो काही लिहीत नव्हता. त्याच्या वतीने मी बोलतच होतो, तेव्हा त्याला वेगळं विचारायची गरज मला वाटली नाही.

मग एका गुरुवारी दुपारी तू लिहिलंस, 'मास्तर, माणसानं कधीतरी सोडून द्यावं.'

मी उत्तर दिलं, 'ज्याने त्या अहवालावर साक्षीदार म्हणून सही केली, त्याला सोडून देणं सोपं आहे. शाल त्यानेच आणावी.'

ती सही तुझी होती. हे जगात तू मला एकट्याला सांगितलं आहेस, अशी माझी समजूत होती. दापोडीच्या टपरीवर सांगितलं होतंस, चहावर साय धरेपर्यंत. पुढच्या महिन्यात तू पर्मनंट होणार होतास, वहिनींना दिवस गेले होते, आणि ऑफिसात बोलावून कागद पुढे सरकवला होता. 'मी वाचला न्हाई मास्तर,' तू म्हणालास. 'वाचला असता तर सही झाली नसती, म्हणून वाचला न्हाई.' इतकं प्रामाणिक वाक्य मी कुठल्या पुस्तकातही वाचलेलं नाही. ते वीस-बावीस वर्षं मी पोटात ठेवलं आणि एका दुपारी, एक वाक्य चांगलं जमत होतं म्हणून, ब्याऐंशी जणांसमोर काढून टाकलं. तुला खरं सांगतो, पाठवल्यावर मी ते तीनदा वाचलं. मला आवडलं होतं.

दहा मिनिटांत चाळीस मेसेज आले. 'दत्ताभाऊ, हे खरं आहे का?' 'भावा, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.' काही मलाही होते. 'मास्तर, इथं काढायची गोष्ट होती का ही?' आणि मग मधेच ती छोटी पट्टी आली, तू सेटिंग बदलल्याची. आता फक्त ॲडमिन लिहू शकतात. जो जिथे होता तिथे त्याचं तोंड मिटलं.

मी बायकोला म्हणालो, 'बघ, टाळेबंदी जाहीर केली. मॅनेजमेंटचा माणूस शेवटी.' माझंही ॲडमिनपद काढून घेशील, म्हणून मी वाट पाहिली. काढलं नाहीस. मला ते आव्हान वाटलं: बोल, हिंमत असेल तर. मी ठरवलं, बोलणार नाही. गप्प बसण्यातही रुबाब असतो आणि शाल-श्रीफळ न लागणारा रुबाब मला नेहमीच आवडत आला आहे.

अकरा महिने रोज सकाळी मी तो ग्रुप उघडून बघायचो. वर माझं ते वाक्य, खाली चाळीस जण, मग पट्टी, आणि सगळ्यांत खाली लिहायची रिकामी जागा. अगदी मोकळी, माझ्यासाठी. स्नेहसंमेलन बारगळलं. मधे दापोडीला एका लग्नात आपण एकाच रांगेत बसलो होतो, मधे चार खुर्च्या. बँड असा वाजत होता की शॉपची आठवण यावी. तू माझ्याकडे बघून अंगठा ओठाशी नेलास. चहा? मी मान खाली घालून फोनमध्ये बघायला लागलो. फोनमध्ये काहीही नव्हतं, दत्ता.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी पुनावळ्याला आलो. पहिल्यांदाच. वहिनी आत होत्या. अश्विनीने पाणी दिलं आणि समोर बसली. तिला कंपनीत दिवसभर लोकांशी बोलायचा पगार मिळतो, ती सरळ मुद्द्यावर आली.

'काका, एक विचारू? ग्रुप बंद करायला बाबांना मीच शिकवलं होतं. त्या दुपारी मला ऑफिसात फोन केला, म्हणाले, सगळ्यांची तोंडं कशी बंद करायची ते सांग. मी सांगितलं. मग म्हणाले, पण मास्तरचं चालू राहिलं पायजे. तो बोलंल आता. मी म्हटलं, ते ॲडमिन आहेत, त्यांचं चालूच राहतं. तर म्हणाले, बेस झालं.'

मी पाणी पीत होतो. ग्लास संपला होता तरी पीत होतो.

'दिवाळीत परत फोन माझ्याकडे दिला. म्हणाले, माझ्याकडून चुकून मास्तरचं पण बंद झालंय का बघ. मी बघितलं. म्हटलं नाही बाबा, त्यांना लिहिता येतंय. तर म्हणाले, मग लिहीत का न्हाई?' तिने माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला. 'काका, तुमच्याकडे दिसत होती ना लिहायची जागा?'

आणि मी म्हणालो, 'नाही गं. माझ्याकडेही बंदच होतं.'

मला वाटलं, यात तिलाही बरं वाटेल. बापाचा मित्र उलट्या काळजाचा नव्हता, फोनचा दोष होता. माझ्याही अंगावरचं निघेल. पण तिचा चेहरा उतरला. 'म्हणजे मीच नीट बघितलं नाही,' ती म्हणाली. 'बाबांना मी सांगत राहिले, चालू आहे, चालू आहे. आणि ते वाट बघत राहिले. माझ्यामुळे.'

मी 'तसं नाही' म्हणालो. आणि चपला घालायला उठलो. लिफ्टने खाली येईपर्यंत मला कळलं होतं की आता मी पुरता अडकलोय. मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं किंवा तो उघडला, तर तिला कळणार की माझं कधीच बंद नव्हतं. तुझा फोन आता तिच्याकडेच असतो. आणि उघडला नाही, तर तुझी लेक जन्मभर स्वतःला दोष देणार, त्या एका बटणासाठी जे तिने बरोबर सांगितलं होतं.

दहाव्याला पवनेच्या घाटावर तुझा फ्लेक्स लागला होता. त्यात तुझा फोटो आणि तुझ्यापेक्षा मोठे, खाली, शोकाकुल मंडळींचे फोटो. एक भावी नगरसेवक माईकवर आले आणि तुझी पोकळी कधीही भरून निघणार नाही असं म्हणून पुढच्या दशक्रियेला गेले. तिथलीही पोकळी त्यांची वाट बघत होती. मग कोणीतरी पुकारलं, 'आता दत्ताभाऊंचे जिवलग मित्र मास्तर दोन शब्द बोलतील.' मी माईकपाशी उभा राहिलो. समोर अश्विनी बसली होती. मी म्हणालो, 'दत्ता कमी बोलायचा,' आणि खाली बसलो. लोकांना ते फार आवडलं. दुःखाने कंठ दाटला, असं त्यांनी ठरवलं.

तिथेच गुलाब आला. डाव्या हाताने माझा दंड धरला.

'मास्तर, त्यो ग्रुप कवा खोलताय?'

'बघतो.'

'आठ दिस झालं बघताय. मला लिव्हायचं हाय.'

'काय लिहायचंय? मला सांग, मी टाकतो.'

'न्हाई. माझं म्या लिव्हीन. माझ्या वतीनं लई बोललाय तुमी.'

मी घाबरलो. वाटलं, तुझ्या फोटोखाली सगळ्यांची फुलं पडतील आणि त्यांत हा माणूस सहीचं लिहील, तुला शिव्या देईल, आणि त्या तुझ्या घरी वाचल्या जातील. ग्रुप न उघडायला हे कारण चांगलं होतं. सभ्य होतं. दोन दिवस मी त्या कारणामागे बसलो. मेलेल्या मित्राची अब्रू राखतोय, असं स्वतःला सांगितलं. पण तुझी अब्रू मी केव्हाच काढून बसलो होतो. राखत होतो ती माझी, आणि तीही एका तिशीतल्या पोरीपुढे.

आज दुपारी जेवण झाल्यावर बसलो आणि लिहिलं. परिच्छेद नाही. 'दत्ताच्या सहीची गोष्ट त्याने मला विश्वासाने सांगितली होती. ती इथे लिहिली, हे माझं चुकलं. या ग्रुपवर मला अकरा महिने लिहिता येत होतं. मी लिहिलं नाही. अश्विनी, मी तुला खोटं सांगितलं. तू बाबांना सांगितलंस ते बरोबर होतं.' पाठवलं. तीनदा वाचलं नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन ग्रुप सगळ्यांसाठी उघडला.

पहिली पाच-सात मिनिटं कोणी काही लिहिलं नाही. इतके दिवस फोन करणारे एकदम संकोची झाले. वर फक्त दिसत होतं की गुलाब लिहितोय. थांबतोय, परत लिहितोय. त्याला डाव्या अंगठ्याने लिहावं लागतं, वेळ लागतो. मी समोर बसून राहिलो. बायकोने चहा ठेवला तो तसाच राहिला.

मग आलं. जसंच्या तसं देतो:

'सहीचं मला पयल्यापासून ठाव हाय. दत्ता दवाखान्यात यिऊन पाया पडला व्हता. सत्कार माझ्यासाठी व्हता. सायबाला शाल म्या घालनार व्हतो, ह्या हातानी. नारळ पन ह्याच हातानी देनार व्हतो. सगळ्यांम्होरं त्यानी ह्यो हात बगावा एवढंच. दत्ताला म्हनलो व्हतो कुनाला बोलू नको, मास्तरला तर न्हाईच. मास्तर भाषन लिव्हून देतील.'

मी हसलो, दत्ता. आधी हसलोच. लिहून दिलं असतं की. चांगलं दोन पानी दिलं असतं, आणि त्यात त्याचा हात कुठच्या कुठे हरवून गेला असता.

तीन आठवडे मी तुला झोडपत होतो आणि तू 'कारण विचारू नको' एवढंच लिहीत होतास. एक शब्द बोलला असतास तर मी गप्प झालो असतो. चाळीस जण तुझ्यावर तुटून पडले तेव्हा तर नक्कीच सांगू शकला असतास. गुलाबला दिलेला शब्द तू पाळलास, आणि मी तुझा मोडला, दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच दुपारी. तुझ्या त्या एकेका ओळीत किती काय धरून ठेवलेलं होतं, हे ओळखायला मी आयुष्यभर जे वाचलं त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही.

गुलाबनंतर फुलं आली, पणत्या आल्या, आधारवडही कोसळला. त्या गर्दीत गुलाबने आणखी एक ओळ टाकली: 'सायेब अजून हायेत. आता काय करायचं मास्तर बोला.'

सगळे थांबलेत. तू नाहीस, तेव्हा उत्तर मला द्यायचंय. चार वेळा लिहिलं आणि पुसलं. साहेबांचा नंबर फक्त तुझ्या फोनमध्ये आहे. तो फोन अश्विनीकडे आहे. तिने दुपारीच सगळं वाचलंय, माझ्या मेसेजखाली तुझ्या नावापुढे वाचल्याची खूण दिसतेय. तिचा फोन आलेला नाही, मेसेज आलेला नाही. मीही केलेला नाही.

उद्या गुरुवार. सकाळी पुनावळ्याची बस धरतो. तिने दार उघडलं, तर नंबर नंतर मागेन.